दोघं दोन देशांचे, लग्न तिसऱ्या देशात: कोणता कागद कधी काढायचा?

प्रश्न असा आहे: दोघं वेगवेगळ्या देशांचे नागरिक आहेत आणि लग्न तिसऱ्याच देशात, नोंदणी पद्धतीनं करायचं आहे. एकाचा आधीचा विवाह घटस्फोटानं संपला आहे. पासपोर्ट आणि जन्मदाखले हाताशी आहेत. बाकी कोणते कागद लागतील, आणि सगळ्यांवर आत्ताच अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लावलं जाणारं सरकारी प्रमाणीकरण, करून ठेवावं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यात तुमचे पैसे वाचतील. आत्ता करू नका. का, ते पुढे येईलच.

पहिल्याचं उत्तर लांबणार आहे. अशा विवाहांच्या फायली तयार करणं हेच माझं काम आहे, आणि अडकलेली फाईल उघडली की एखादा कागद मुळातच नाही असं फार कमी वेळा दिसतं. कागद असतो, पण त्याची मुदत संपलेली असते. किंवा मजकूर बरोबर असतो, पण तो भलत्याच कार्यालयानं दिलेला असतो. किंवा भाषांतर आधी झालेलं असतं आणि शिक्का नंतर बसलेला असतो. तेव्हा तुमची अडचण कागद गोळा करण्याची कमी आणि ते कोणत्या क्रमानं, कधी काढायचे याची जास्त आहे.

हे सगळं इतकं किचकट होण्याचं कारण समजून घेतलं तर निम्मी यादी तुमची तुम्हालाच करता येईल. अशा लग्नाला एकाच वेळी एकाहून जास्त देशांचे कायदे लागू होतात. लग्न कसं लागायचं, साक्षीदार किती, नोटीस किती दिवसांची, हे जिथे लग्न लागतं तिथला कायदा ठरवतो. पण तुम्ही लग्नाला पात्र आहात का, म्हणजे वय, आधीचा विवाह, नात्यातली मनाई, हे बऱ्याच देशांत तुमच्या स्वतःच्या देशाच्या कायद्यानुसार तपासलं जातं. युरोप खंडातले अनेक देश त्यासाठी नागरिकत्व बघतात, तर इंग्लिश कायद्याच्या परंपरेतले देश माणसाचं कायमचं घर कुठे आहे ते बघतात. आता समोर बसलेल्या निबंधकाला तुमच्या देशाचा विवाह कायदा कुठून माहीत असणार? म्हणून तो तुमच्याच देशाकडून लेखी मागतो की या व्यक्तीच्या लग्नाला कायद्याची आडकाठी नाही. पुढचे जवळजवळ सगळे कागद या एका मागणीतून निघतात. काही ठिकाणी ही मागणीच नसते. लास वेगास ज्या क्लार्क काउंटीत येतं तिथे दोघांनी ओळखपत्र दाखवून अर्ज केला आणि फी भरली की परवाना त्याच दिवशी हातात पडतो. तेच जर्मनीत करायचं तर काही महिने हाताशी ठेवावे लागतात.

म्हणून पहिला ईमेल दूतावासाला पाठवू नका. ज्या कार्यालयात तुम्ही सही करणार आहात त्या नोंदणी कार्यालयाला पाठवा. दूतावासाच्या संकेतस्थळावर सर्वसाधारण माहिती असते. तुमची फाईल स्वीकारायची की परत करायची हे ठरवणारी व्यक्ती नोंदणी कार्यालयात बसलेली असते, आणि एकाच देशातली दोन कार्यालयं वेगवेगळे कागद मागतात हे मी नेहमी पाहते. ईमेलमध्ये दोघांचं नागरिकत्व, सध्याचं राहण्याचं ठिकाण, कोणत्या व्हिसावर येणार आणि कुणाचा आधी विवाह झाला होता हे स्पष्ट लिहा. मग विचारा: कागदांची यादी, प्रत्येक कागद किती जुना चालेल, अपोस्टिल हवं का, भाषांतर कोणाकडून केलेलं चालेल, आणि मूळ प्रती आधी पाठवायच्या की लग्नाच्या दिवशी आणायच्या. आलेलं उत्तर छापून फाईलमध्ये लावा. काउंटरवरचा माणूस बदलला की त्या छापील पानाचा फार आधार होतो.

पासपोर्टबद्दल सांगण्यासारखं फार नाही. लग्नाच्या तारखेनंतरही बरेच महिने वैध असावा, एवढंच. जन्मदाखल्याबद्दल मात्र एक सावधगिरी. आई-वडिलांची नावं असलेली संपूर्ण नोंद लागते, आणि कित्येक ठिकाणी ती अलीकडेच काढलेली लागते. फ्रान्समध्ये परदेशातून आणलेला जन्मदाखला साधारणपणे सहा महिन्यांच्या आत काढलेला असावा लागतो. लहानपणी काढून जपून ठेवलेला दाखला हाताशी असेल तर तो तसाच राहू द्या आणि योग्य वेळी नवी प्रत काढा.

आता मुख्य कागद, तुम्ही सध्या विवाहित नाही हे सांगणारा. लग्न झालंय हे सिद्ध करायला एक प्रमाणपत्र पुरतं. झालेलं नाही हे पूर्णपणे सिद्ध करणं कुणालाच शक्य नसतं. जगातलं प्रत्येक नोंदणी कार्यालय धुंडाळणार कोण? म्हणून देशांनी आपापल्या सोयीचे मार्ग काढलेत, आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. सगळा घोळ इथेच होतो.

काही देशांकडे नागरिकांची मध्यवर्ती किंवा कौटुंबिक नोंदवही असते. जपानमध्ये कुटुंब नोंदवही आहे. फिलिपिन्समध्ये सांख्यिकी प्राधिकरण ‘सेनोमार’ नावाचा दाखला देतं, म्हणजे आमच्या नोंदीत या व्यक्तीचा विवाह आढळला नाही. दुसरा मार्ग ब्रिटनचा. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या नागरिकानं स्थानिक निबंधकाकडे परदेशातल्या लग्नाची नोटीस द्यायची, ती २८ दिवस जाहीर लावलेली राहते, आणि कुणी हरकत घेतली नाही की आडकाठी नसल्याचं प्रमाणपत्र मिळतं. तिसरा मार्ग अमेरिकेचा. तिथे देशपातळीवर विवाहांची नोंदवहीच नाही, त्यामुळे केंद्र सरकार असा दाखला देऊ शकत नाही. माणूस स्वतः शपथेवर सांगतो की मी विवाहित नाही.

गोंधळ होतो तो तिसऱ्या प्रकारचा माणूस पहिल्या प्रकारच्या देशात गेला की. जर्मनीतला निबंधक परदेशी व्यक्तीकडे तिच्या देशाच्या अधिकाऱ्यानं दिलेलं विवाहक्षमतेचं, म्हणजे लग्नाला कायद्याची आडकाठी नसल्याचं, प्रमाणपत्र मागतो आणि ते सहा महिने चालतं. तुमचा देश असं प्रमाणपत्र देतच नसेल तर त्या अटीतून सूट मागावी लागते. सूट देण्याचा अधिकार तिथल्या उच्च प्रादेशिक न्यायालयाच्या अध्यक्षांकडे असतो आणि अर्ज निबंधकामार्फतच जातो. इटलीनं अमेरिकी नागरिकांसाठी वेगळी वाट काढली आहे. वकिलातीसमोर केलेलं शपथपत्र आणि त्याशिवाय ‘आत्तो नोतोरियो’, म्हणजे दोन साक्षीदारांसह इटालियन अधिकाऱ्यासमोर केलेलं निवेदन. म्हणून तुमच्या ईमेलमध्ये एक प्रश्न हमखास घाला: माझ्या सरकारनं दिलेलाच दाखला लागेल की माझं स्वतःचं प्रतिज्ञापत्र चालेल? साध्या प्रतिज्ञापत्रावर नोटरीचा शिक्का मारून आणणारे बरेच जण भेटतात. नोटरी फक्त एवढंच सांगतो की ही सही याच माणसाची आहे. आतला मजकूर खरा आहे याची हमी त्यात नसते, आणि ते निबंधकाला माहीत असतं.

तुम्ही नागरिक एका देशाचे आणि राहता दुसऱ्या देशात, असं असेल तर काही कार्यालयं राहत्या देशाचाही वैवाहिक स्थितीचा दाखला मागतात. मधल्या काळात तिथे लग्न केलं नसेल कशावरून, हा त्यामागचा साधा संशय. हेही आधीच विचारून घ्या.

घटस्फोटाकडे येते. तुमच्या फाईलमधला सगळ्यात जास्त वेळ खाणारा भाग हाच ठरू शकतो. हुकूमनामा हातात आहे एवढ्यानं भागत नाही. तो अंतिम झाला आहे, अपिलाची मुदत संपली आहे, हे कागदावर दिसावं लागतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये घटस्फोट दोन टप्प्यांत होतो आणि पहिल्या टप्प्याच्या आदेशावर पुन्हा लग्न करता येत नाही. ६ एप्रिल २०२२ पासून त्या आदेशांची नावं बदलली, त्यामुळे जुन्या आणि नव्या कागदांवर वेगळी नावं दिसतात. ती बघून परदेशी कारकून हमखास थबकतो. एका ओळीचं स्पष्टीकरण सोबत लावलं तर वाद टळतो.

दुसरी पायरी अधिक कठीण आहे. एका देशातला घटस्फोट दुसऱ्या देशात आपोआप मान्य होत नाही. जर्मनीत युरोपीय संघाबाहेरच्या घटस्फोटाला बहुतेक वेळा तिथल्या राज्याच्या न्यायखात्याची मान्यता घ्यावी लागते. दोघंही पती-पत्नी ज्या देशाचे नागरिक, त्याच देशाच्या न्यायालयानं घटस्फोट दिला असेल तर यातून सवलत मिळते. फिलिपिन्समध्ये मुस्लिम नागरिकांसाठीची वेगळी तरतूद सोडली तर घटस्फोटाचा कायदाच नाही. परदेशात झालेला घटस्फोट तिथल्या न्यायालयाकडून मान्य करून घेतल्याशिवाय फिलिपिनो नागरिकाच्या नोंदीत तो जुना विवाह तसाच राहतो. शिवाय काही कायद्यांत घटस्फोटित किंवा विधवा स्त्रीला पुनर्विवाहासाठी थांबावं लागतं. इटलीत ही मुदत ३०० दिवसांची आहे, काही परिस्थितींत ती माफ होते. जपानमध्ये १०० दिवसांची अट होती, ती १ एप्रिल २०२४ पासून रद्द झाली. या अटी मला कालबाह्य वाटतात, पण माझ्या वाटण्यानं निबंधक ऐकत नाही. आधीचा जोडीदार वारलेला असेल तर मृत्यूचा दाखला आणि त्या विवाहाचं प्रमाणपत्र, दोन्ही ठेवा.

नावांचं एक बघून घ्या. पासपोर्टवर आधीच्या लग्नानंतरचं आडनाव, जन्मदाखल्यावर माहेरचं, हुकूमनाम्यात तिसरंच स्पेलिंग, असं चित्र घटस्फोटित व्यक्तीच्या फाईलमध्ये नेहमीचंच आहे. प्रत्येक बदलाचा दुवा जोडणारा कागद हवा. विवाह प्रमाणपत्र, नावबदलाचा आदेश, नाहीतर ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र. भाषांतर करणाऱ्याला पासपोर्टवरचं स्पेलिंग आधीच कळवा, नाहीतर तो स्वतःच्या अंदाजानं चौथं नाव तयार करतो.

इथवरचं सगळं मुख्यतः दोन गोष्टींसाठी आहे: तुम्ही कोण आहात हे दाखवणं आणि तुम्ही लग्नाला मोकळे आहात हे दाखवणं. यापुढे प्रश्न येतो या कागदांवर परक्या देशानं विश्वास का ठेवावा याचा.

अपोस्टिल म्हणजे ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारानुसार लावलेला दहा क्रमांकित रकान्यांचा चौकोन. कागदावरची सही, सही करणाऱ्याचं पद आणि शिक्का खरा आहे, एवढंच तो सांगतो. १२० हून जास्त देश या करारात आहेत. चीनमध्ये तो ७ नोव्हेंबर २०२३ पासून लागू झाला, कॅनडात ११ जानेवारी २०२४ पासून, त्यामुळे या दोन देशांबद्दलचे जुने सल्ले आता उपयोगाचे नाहीत. कागद देणारा देश आणि तो जिथे वापरायचा तो देश, यांपैकी एक करारात नसेल तर जुनी साखळी पार करावी लागते: स्थानिक अधिकारी, मग परराष्ट्र मंत्रालय, मग ज्या देशात कागद वापरायचा त्याचा दूतावास. दोन्ही देश करारात असूनही एकानं दुसऱ्याच्या प्रवेशाला हरकत नोंदवली असेल तर त्या दोघांत अपोस्टिल चालत नाही. जर्मनीनं काही देशांबाबत अशी हरकत घेतलेली आहे.

आत्ताच अपोस्टिल करू नका म्हणाले त्याची कारणं आता सांगते. एक तर ते लागेलच असं नाही. युरोपीय संघातल्या एका देशाचा जन्म, विवाह किंवा वैवाहिक स्थितीचा दाखला संघातल्याच दुसऱ्या देशात द्यायचा असेल तर १६ फेब्रुवारी २०१९ पासून अपोस्टिल मागता येत नाही, आणि सोबत बहुभाषिक नमुना जोडून घेतला तर बऱ्याचदा भाषांतरही वाचतं. दुसरं, ज्या दाखल्याची मुदत संपणार आहे त्याच्यावरचं अपोस्टिलही त्याच्याबरोबर वाया जातं. तिसरं कारण फार लोकांना ठाऊक नसतं: दूतावासानं किंवा वकिलातीनं दिलेल्या कागदाला हा करार लागूच होत नाही. अविवाहित असल्याचा दाखला तुमच्या वकिलातीनं दिला असेल तर त्यावर अपोस्टिल मिळवायला कुठेही धावू नका. जिथे लग्न आहे त्या देशाचं परराष्ट्र मंत्रालय वकिलातीची सही प्रमाणित करतं. थायलंडमध्ये हेच नेहमीचं चक्र आहे. आपल्या दूतावासात निवेदन, त्याचं थाई भाषांतर, तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, आणि मग जिल्हा कार्यालयात नोंदणी. काही देशांनी आपसांत करार करून ही पायरीही काढून टाकली आहे, म्हणून पुन्हा तेच: निबंधकाला विचारा.

भाषांतराचा क्रम लक्षात ठेवा. आधी अपोस्टिल, मग अपोस्टिलसकट संपूर्ण भाषांतर. उलट केलंत तर शिक्क्याचा मजकूर भाषांतराबाहेर राहतो आणि कागद परत येतो. भाषांतर कुणी करायचं हे मात्र देशावर आहे. जर्मनीत शपथबद्ध भाषांतरकार लागतो, तर जपानमध्ये तुम्ही स्वतः जपानी भाषांतर करून खाली भाषांतरकार म्हणून आपलं नाव लिहिलं तरी चालतं.

तारखांचा हिशेब असा करा. लग्नाची तारीख धरा आणि मागे मोजत या. ज्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि ज्याची मुदत संपत नाही ते आधी हाती घ्या. तुमच्या बाबतीत तो घटस्फोटाचा अंतिम हुकूम आणि गरज असल्यास त्याची मान्यता. ज्याची मुदत सगळ्यात लवकर संपते ते शेवटी काढा, म्हणजे विवाहित नसल्याचा दाखला. जन्मदाखला मध्ये. मोजताना एक गोष्ट विचारून घ्या: मुदत कागद सादर करण्याच्या दिवशी बघणार की लग्नाच्या दिवशी? उत्तर कार्यालयागणिक बदलतं आणि त्यात सहज काही आठवड्यांचा फरक पडतो. हॉल, तिकिटं, निमंत्रणं हे सगळं कार्यालयानं तारीख लेखी दिल्यावर. याबाबतीत माझा सल्ला फार कमी जण ऐकतात.

व्हिसा आणि वास्तव्य हा वेगळाच अडसर. ब्रिटनमध्ये नेहमीच्या पर्यटक व्हिसावर लग्न करता येत नाही आणि लग्नाची नोटीसही देता येत नाही, त्यासाठी विवाहासाठीचा वेगळा व्हिजिटर व्हिसा आहे. नोटिशीचा काळ २८ दिवसांचा, आणि प्रकरण गृहखात्याकडे तपासणीला गेलं तर तो ७० दिवसांपर्यंत जातो. फ्रान्समध्ये दोघांपैकी एकाचं किंवा आई-वडिलांपैकी कुणाचं त्या गावाशी राहण्याचं नातं लागतं, वास्तव्य दाखवायचं तर किमान महिनाभराचं. नुसतं फिरायला आलेल्या जोडप्याला पॅरिसच्या नगरभवनात लग्न जमत नाही ते यामुळेच. १९६९ मध्ये बीटल्स या बँडचा जॉन लेनन आणि कलाकार योको ओनो यांनाही ते जमलं नव्हतं. आधी बोटीवर लग्न करण्याचा बेत फसला, मग पॅरिस हुकलं, आणि शेवटी २० मार्चला स्पेनच्या दक्षिण टोकाला असलेल्या जिब्राल्टर या ब्रिटिश प्रदेशात लग्न लागलं. जिब्राल्टर आजही यासाठी प्रसिद्ध आहे. विशेष परवाना मिळतो आणि लग्नाच्या आधी किंवा नंतर एक रात्र तिथे मुक्काम केला की पुरतं.

अशा सोप्या ठिकाणांपैकी डेन्मार्कही आहे. तिथे २०१९ पासून परदेशी जोडप्यांचे अर्ज एकाच कुटुंब विभागाकडे जातात. तो कागद तपासतो, लग्न केवळ राहण्याच्या परवान्यासाठी तर नाही ना हेही बघतो, आणि मग चार महिने चालणारं प्रमाणपत्र देतो. त्यावर डेन्मार्कच्या कुठल्याही नगरपालिकेत लग्न करता येतं, फक्त त्या दिवशी तुमचं तिथलं वास्तव्य कायदेशीर हवं. इस्रायल आणि लेबनॉनमध्ये नागरी विवाहाची सोय नसल्यानं तिथली जोडपी सायप्रसला जातात. तुमच्या दोघांपैकी एकाचा देश दाखलाच देत नसेल तर अशा ठिकाणाचा विचार मी जरूर करायला सांगेन. मात्र घरबसल्या व्हिडिओवर लग्न लावणाऱ्या अमेरिकेतल्या युटाच्या पद्धतीपासून जपून. जोडपं जर्मनीत बसलेलं असताना असं लागलेलं लग्न तिथे वैध नाही, असा निर्णय जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं २०२४ मध्ये दिला आहे.

आणखी एक पर्याय आहे, ज्याची लोकांना उगाच लाज वाटते: कायदेशीर नोंदणी जिथे सोपी तिथे शांतपणे उरकायची आणि समारंभ हव्या त्या देशात करायचा. समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलांत होणाऱ्या कित्येक लग्नांना कायद्यानं काही अर्थ नसतो. पाहुण्यांनाही त्यानं फरक पडत नाही. दोन वर्षांनी व्हिसाच्या अर्जात लग्नाची तारीख आणि ठिकाण नोंदणीतलंच लिहायचं, एवढं विसरू नका.

लग्न लागल्यावर प्रमाणपत्र तिथल्या तिथे अक्षर न् अक्षर वाचा. चूक असेल तर त्याच खोलीत दुरुस्त होते, घरी परतल्यावर तीच दुरुस्ती महिने घेते. प्रमाणित प्रती तीन-चार घ्या, बहुभाषिक उतारा मिळत असेल तर तोही, आणि देश सोडण्याआधी अपोस्टिल करून घ्या, कारण ते फक्त कागद देणाऱ्या देशातच मिळतं. मग आपापल्या देशाला कळवणं आलं. जपानी नागरिकाला परदेशातल्या लग्नाची माहिती तीन महिन्यांत द्यावी लागते. फ्रेंच नागरिकाला तर लग्नाच्या आधीच वकिलातीकडून विवाहक्षमतेचा दाखला घ्यायचा असतो आणि नंतर लग्नाची नोंद फ्रेंच दप्तरात उतरवून घ्यायची असते. समलिंगी जोडपं असेल तर हा टप्पा आधीच तपासा, कारण एका देशात पूर्ण वैध असलेलं लग्न दुसऱ्या देशाच्या दप्तरात नोंदलंच जाणार नाही असं आजही घडतं.

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी नाहीत: घटस्फोट कोणत्या देशात झाला, आणि लग्नानंतर दोघं राहणार कुठे. पहिल्यावरून मान्यतेची पायरी लागेल की नाही ते ठरतं. दुसऱ्यावरून कळतं की लग्नाचं प्रमाणपत्र शेवटी कुणासमोर ठेवायचं आहे, आणि त्या कार्यालयालाही आत्ताच एक ईमेल पाठवून ठेवायला हवा.